कर्ज सारखं, पगार जास्त, मग खासगीच का नको?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीला नर्सिंगला जायचं आहे आणि तीन ठिकाणी प्रवेश मिळाला आहे. न्यूयॉर्क शहरातल्या एका खासगी विद्यापीठात स्कॉलरशिप वजा जाता वर्षाला ३४,००० डॉलर खर्च येईल. घरून ये-जा करता येईल अशा सरकारी विद्यापीठात २१,०००. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री मात्र लोन न काढता होईल. आम्ही वर्षाला १५,००० देऊ शकतो. सरकारच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या साइटवर खासगी विद्यापीठाच्या नर्सिंग पदवीधरांची कमाई ९२,००० दिसते, सरकारीच्या ८४,०००, आणि कर्ज दोन्हीकडे जवळपास सारखंच. हे म्हणतात, कर्ज सारखं आणि पगार जास्त, तर खासगीच घेऊ. मला धाकधूक वाटते. – एक आई

उत्तर : ताई, तुमची धाकधूक रास्त आहे. मी अमेरिकेतच रुग्णालयाच्या वॉर्डात नर्स आहे आणि नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना ड्यूटीवर तयार करायचं काम माझ्याकडे असतं. त्यांच्या पहिल्या पे-स्लिपवर काय असतं ते सांगते. तासाचा मूळ दर, त्याखाली नाइटचा भत्ता, वीकेंडचा भत्ता, जादा तास. कॉलेजच्या नावाची ओळ कुठेच नसते. महागड्या विद्यापीठातून आलेली आणि साध्या सरकारी कॉलेजातून आलेली, दोघी आमच्या वॉर्डात एकाच दरावर सुरुवात करतात आणि पुढे दर वाढतो तो अनुभवाच्या वर्षांप्रमाणे. बीएसएन, म्हणजे नर्सिंगची चार वर्षांची पदवी, असेल तर काही रुग्णालयं तासाला थोडे जास्त देतात, पण ती कुठून केली यावर ते ठरत नाही. लायसन्ससाठी दोघींनी दिलेली एनक्लेक्स परीक्षाही एकच.

मग हा आठ हजारांचा फरक कुठून आला? मुख्यतः जागेमुळे. शहरात शिकलेल्या मुली बऱ्याचदा तिथेच नोकरीला लागतात, आणि तिथले दरही जास्त, घरभाडंही जास्त. तुमची लेक न्यू जर्सीत शिकली तरी न्यूयॉर्कचं लायसन्स काढून त्याच रुग्णालयात अर्ज करू शकते. दुसरं एक कारण सहसा कुणी सांगत नाही. बऱ्याच विद्यापीठांत आधीपासून नोकरी करणाऱ्या नर्सेस (आरएन, म्हणजे लायसन्स असलेल्या नर्सेस) ‘आरएन टू बीएसएन’ करायला येतात. पदवी घेताना त्यांच्या गाठीला काही वर्षांचा पगारवाढीचा अनुभव असतो, आणि त्यांची कमाई नवख्या मुलींच्याच आकड्यात मिसळली जाते. असा कोर्स ज्या विद्यापीठात मोठा, तिथला आकडा फुगलेला दिसणार. खासगीवाल्यांना फोन करून विचारा, यंदा बीएसएन झालेल्यांपैकी आधीच आरएन असलेल्या किती होत्या?

आता कर्ज सारखं का दिसतं ते बघा, कारण खरी मेख इथेच आहे. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, लोन पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दर वर्षी ७,५०० यापेक्षा जास्त मिळतच नाही. चार वर्षांचे २७,०००. कॉलेज कितीही महाग असलं तरी मुलांच्या नावावरचं फेडरल कर्ज या मर्यादेपाशी अडतं. त्यावरचा खर्च आईवडील ‘पॅरेंट प्लस’ लोन काढून भागवतात, आणि ते स्कोअरकार्डवरच्या कर्जाच्या आकड्यात धरलेलं नसतं, वेगळं दाखवलेलं असतं. खासगी बँकांचं कर्ज तर त्यात येतच नाही.

तुमचाच हिशेब मांडते. खासगीत वर्षाला १९,००० कमी पडतात, चार वर्षांत ७६,०००. त्यातले २७,००० लेकीच्या नावावर, उरलेले ४९,००० तुमच्या. २०२५-२६ चे व्याजदर लेकीसाठी ६.३९ टक्के आणि पॅरेंट प्लससाठी ८.९४ टक्के आहेत. हेच दर धरून दहा वर्षांची फेड केली तर तिचा हप्ता महिना ३०५ आणि तुमचा साधारण ६२०. सरकारीत एकूण २४,००० चं लोन, जवळपास सगळं लेकीच्याच नावावर, महिना साधारण २७१. दोन्हींतला फरक वर्षाला ७,८०० च्या वर जातो. म्हणजे जे आठ हजार जास्त मिळणार म्हणून तुमचे हे खूश आहेत, ते हप्त्यातच जाणार. शिवाय पगार कर कापण्याआधीचा आणि हप्ता कर कापल्यानंतरच्या पैशातून. शिकत असतानाचं व्याज तर मी यात धरलेलंच नाही.

आणखी एक गोष्ट यांच्या कानावर घालाच. ना-नफा रुग्णालयात किंवा सरकारी नोकरीत पूर्णवेळ राहून १२० हप्ते नियमाने भरले की उरलेलं फेडरल कर्ज माफ होण्याची योजना २००७ पासून आहे. नर्सेसना तिचा चांगला उपयोग होतो. पण ती लेकीच्या नावावरच्या लोनसाठी. ती अशा रुग्णालयात लागली म्हणून तुमच्या नावावरचं पॅरेंट प्लस माफ होणार नाही. तुमच्या निवृत्तीच्या पैशाला मी तरी हात लावू देणार नाही.

कम्युनिटी कॉलेजला कमी लेखू नका. तिथून आलेल्या कितीतरी नर्सेस उत्तम काम करताना मी बघते. अडचण वेळेची आहे. कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे नर्सिंगच्या तुकडीत मिळाला असं नाही. आधी ॲनाटमी, मायक्रोबायोलॉजी वगैरे विषय पूर्ण करायचे, मग जागेसाठी चढाओढ, आणि दोनाची तीन-साडेतीन वर्षं सहज होतात. उशिराचं प्रत्येक वर्ष म्हणजे नर्सचा एक वर्षाचा पगार हुकला. मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातला नर्सेसचा मध्यम पगार ९३,६०० डॉलर होता. नवख्या मुलीला एवढा मिळेलच असं नाही, पण हुकणारी रक्कम लहान नसते. पुढे न्यूयॉर्कचं लायसन्स घेतलं तर दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करावंच लागतं, तसा तिथला २०१७ चा कायदा आहे. त्याची फी बरीच रुग्णालयं भरतात. मालकाने वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत दिलेल्या शिक्षणखर्चावर कर लागत नाही. मात्र त्या बदल्यात किती वर्षं तिथे राहावं लागेल, ते सही करण्याआधी वाचायचं.

माझं मत सरकारी विद्यापीठाला, एका अटीवर. तिचं प्रवेशपत्र बाहेर काढा आणि त्यावर ‘नर्सिंग’ लिहिलंय की ‘प्री-नर्सिंग’ ते बघा. प्री-नर्सिंग असेल तर दुसऱ्या वर्षी तिला पुन्हा अर्ज करावा लागेल, आणि जागा नाही मिळाली तर दोन वर्षांचं लोन अंगावर आणि नर्सिंगचा पत्ता नाही. मी पाहिलेलं सगळ्यात वाईट कर्ज ते हेच, अर्ध्यात सुटलेल्या शिक्षणाचं. म्हणून सुरुवात करणाऱ्यांपैकी किती जण वेळेत पूर्ण करतात हे विभागाला स्पष्ट विचारा. पहिल्या प्रयत्नात एनक्लेक्स पास होणाऱ्यांचं प्रमाण राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे कॉलेजवार मिळतं. एका वर्षाचं नको, मागच्या तीन-चार वर्षांचं बघा.

थेट नर्सिंगला प्रवेश असेल आणि निकाल चांगला असेल तर बिनधास्त पैसे भरा. प्री-नर्सिंग निघालं तर खासगीच्या फायनान्शियल एड ऑफिसला सरकारीचं पत्र जोडून स्कॉलरशिप वाढवून मागा आणि ते काय म्हणतात ते मला कळवा. मग नव्या आकड्यांवर पुन्हा हिशेब करू.