मार्वलचे सगळे सुपरहिरो खरंच स्टॅन लीने निर्माण केले का? मग जॅक कर्बीचं नाव का घेतात?

सगळे नाहीत. आणि जे मार्वलचा लेखक-संपादक असलेल्या लीच्या नावावर आहेत, त्यांतलेही जवळजवळ कुठलेच त्याच्या एकट्याचे नाहीत. पण "लीने काहीच केलं नाही, सगळं चित्रकार कर्बीचं" असं हल्ली जे ठासून सांगतात, तेही मला पटत नाही.

सोपा भाग आधी. कॅप्टन अमेरिका १९४१ चा. तो जॅक कर्बी आणि त्याचा जोडीदार जो सायमन यांचा. तेव्हा ली त्याच कचेरीत दौती भरणारा, पेन्सिलीच्या रेघा खोडणारा पोरगा होता. (ढाल फेकून मारायची कल्पना मात्र त्याची, तिसऱ्या अंकातल्या त्याच्या पहिल्या छापील गोष्टीत ती आहे.) वुल्व्हरिन १९७४ चा, तोवर लीने नियमित लिहिणं सोडलं होतं. खरा वाद आहे तो १९६१ ते १९७० या काळाचा. म्हणजे कर्बीबरोबरचे फॅन्टॅस्टिक फोर, हल्क, एक्स-मेन आणि चित्रकार स्टीव्ह डिटकोबरोबरचे स्पायडरमॅन, डॉक्टर स्ट्रेंज.

भांडणाचं मूळ कामाच्या पद्धतीत आहे. इतर ठिकाणी लेखक चौकटीचौकटीची संहिता लिहून द्यायचा आणि चित्रकार ती चितारायचा. ली संपादकही होता, एकाच वेळी बरेच अंक अंगावर. मग तो चित्रकाराशी गोष्टीबद्दल बोलायचा, कधी छोटा आराखडा टंकून द्यायचा, कधी नुसताच फोन. चित्रकार घरी बसून वीसेक पानं काढायचा. कुठला प्रसंग किती लांबवायचा, मारामारी कुठे संपवायची, हे सगळं तोच ठरवणार. पानं आली की ली संवादाचे फुगे भरायचा.

आपल्याकडे सिनेमाच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद अशी तीन नावं वेगळी येतात. मार्वलच्या पहिल्या पानावर तिन्हींच्या जागी बहुतेकदा 'लेखक : स्टॅन ली' एवढंच असायचं आणि लेखनाचे पैसेही त्यालाच. चित्रकाराला फक्त चित्रांचे. वॉली वुडसारखा कसलेला चित्रकार 'डेअरडेव्हिल' सोडून गेला त्यामागे हाच राग होता.

सिल्व्हर सर्फरचं उदाहरण बघा. १९६६ च्या, ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसच्या गोष्टीची पानं कर्बीने आणली, तर त्यात सर्फबोर्डवरून अंतराळात फिरणारा एक चंदेरी माणूस. दोघांच्या बोलण्यात तो कधी आलाच नव्हता. हे लीनेच नंतर अनेकदा कौतुकाने सांगितलंय. पण १९६८ साली सर्फरची स्वतंत्र मालिका निघाली तेव्हा लीने ती चितारायला जॉन बुसेमाकडे दिली. सर्फरचा पूर्वेतिहासही तिथेच सांगून टाकला, कर्बीशिवाय. दोन वर्षांनी कर्बी डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला, याचं मला तरी नवल वाटत नाही. तिथे त्याने 'फंकी फ्लॅशमन' नावाचा एक बोलघेवडा ठग रंगवला. तो कोण, हे वाचकांनी लगेच ओळखलं.

डिटको वेगळ्याच मातीचा. १९६५ पासून स्पायडरमॅनच्या अंकांत कथानकाचं श्रेय त्याला छापील मिळू लागलं, तोवर दोघांचं बोलणंही बंद झालं होतं. १९६६ मध्ये तो निघून गेला. १९९९ मध्ये लीने जाहीर पत्र लिहिलं : मी डिटकोला नेहमीच स्पायडरमॅनचा सहनिर्माता मानत आलोय. डिटकोची हरकत त्या 'मानत आलोय'वरच. सहनिर्माता आहे म्हणा, मानता कसले!

आता लीची बाजू. पीटर पार्करचं स्वतःशीच चाललेलं रडगाणं, फॅन्टॅस्टिक फोरमधल्या बेन ग्रिमचे टोमणे, वाचकाच्या खांद्यावर हात टाकल्यासारखी निवेदनं हे सगळं लीचं. कर्बीने डीसीत एकहाती केलेल्या कॉमिक्समध्ये कल्पनांचा धबधबा आहे, पण माणसं घोषणा दिल्यासारखी बोलतात. उलट कर्बी-डिटको गेल्यावर लीच्या हातूनही त्या तोडीचं पात्र झालं नाही. म्हणून माझं मत : गोष्टी बव्हंशी त्यांच्या, आवाज त्याचा. शिवाय फुग्यांतली अक्षरं काढणाऱ्या आर्टी सिमेकसारख्यांची नावंही पहिल्या पानावर छापायची सवय त्यानेच लावली, तीही बहुतेक प्रकाशक कुणाचंच नाव नीट छापत नसताना. आणि कर्बीनेही उतारवयात तोल सोडलाच. १९९० च्या एका मुलाखतीत त्याने लीबरोबर आपण कधी काही केलंच नाही असं सांगितलं. फॅन्टॅस्टिक फोरच्या पहिल्या अंकाचा लीने टंकलेला आराखडा मात्र उपलब्ध आहे.

कोर्टाने हा प्रश्न सोडवला असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. कर्बी १९९४ मध्ये गेला. २००९ मध्ये त्याच्या वारसांनी हक्क मागितले, तेव्हा कोर्टाने पाहिलं ते इतकंच, की काम कंपनीने सांगून, कंपनीच्या पैशाने झालं होतं का. तसं असेल तर हक्क कंपनीचे. लीची साक्ष मार्वलच्या बाजूने होती. वारस दोनदा हरले आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना, सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर कर्बीचं नाव लीच्या जोडीने ठळक दिसू लागलं. स्वतः लीने २००२ मध्ये सिनेमांच्या नफ्यातल्या वाट्यासाठी मार्वलवर दावा लावला होता. तो २००५ मध्ये मिटला आणि त्याला १ कोटी डॉलर मिळाल्याचं छापून आलं. कर्बीच्या घरच्यांना किती मिळाले, ते दोन्ही पक्षांनी जाहीर केलेलं नाही.