रक्तपेढी, रक्तकेंद्र आणि ‘विकत आणलेलं’ रक्त

प्रश्न असा आलाय : सरकारी कागदांवर हल्ली ‘रक्तकेंद्र’ दिसतं, मग ‘रक्तपेढी’ चुकीचं ठरलं का?

चुकीचं कसलं! 2020 साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत ‘ब्लड बँक’ जाऊन ‘ब्लड सेंटर’ आलं, एवढंच. परवान्यावर केंद्र लिहा, बोलताना खुशाल पेढी म्हणा. पेढीला व्यापाराचा वास येतो म्हणणाऱ्यांनी व्युत्पत्ती पाहिलेली नाही. संस्कृत पीठ, प्राकृत पेढ, त्यावरून पेढी. मूळ अर्थ बसायची जागा. सराफ गादी घालून बसू लागला, ते नंतरचं. मठिकेची मढी झाली तसाच इथेही ठचा ढ झाला. पेढीचं नातं पेटीशी लावणारे टचा ढ कसा झाला ते मात्र सांगत नाहीत. आणि ‘बँक’ तरी काय? इटालियन ‘बांको’, म्हणजे सराफाचा बाक! 1937 मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी ‘ब्लड बँक’ हे नाव दिलं आणि मराठीत त्या बाकाला नेमकं पीठ मिळालं. ‘पिढी’ही याच पीठिकेची लेक, हे माझं ठाम मत.

कानाला खटकतं ते वेगळंच : ‘रक्त विकत आणलं.’ कायद्याने रक्त हे ‘औषध’ आहे, पण विक्रीचा माल नाही. पावतीवरचा आकडा प्रक्रिया शुल्काचा असतो : पिशवी, गट तपासणी, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया यांच्या चाचण्या, घटक वेगळे करणं, 2 ते 6 अंशांत साठवण. 2022 च्या राष्ट्रीय दरपत्रकात लाल पेशींच्या पिशवीची कमाल मर्यादा खासगी पेढीला 1550 रुपये, सरकारीला 1100. नॅट चाचणीचे, म्हणजे रक्तात विषाणूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीचे, वेगळे लागतात. पावतीवर ‘रक्ताची किंमत’ असं लिहिलेलं दिसलं, तर तिथेच हटकावं.

‘व्यावसायिक रक्तदाता’ तर त्याहून विनोदी. पैसे घेतो तो दाता कसला? रक्तविक्रेता म्हणा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून त्याला बंदीच आहे.

उलट जिथे पैशांचा व्यवहार खरंच होतो, तिथे सोवळे शब्द. पेढीत उरलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना उरणारा द्रव, अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन ही प्रथिनं औषध म्हणून बनवणाऱ्या कारखान्यांना जातो. त्यासाठी राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेने लिटरला 1600 रुपये ठरवले, आणि त्याला म्हणायचं ‘विनिमय मूल्य’! पुढे त्याच प्लाझ्माची औषधं छापील किमतीला दुकानात मिळतात. ‘विकत आणलं’ हे तिथे बिनधास्त म्हणा.