शिक्का ‘गोपनीय’, कागद कॅगचा : छापायचा की थांबायचं?

प्रश्न : नागपुरात आमचं साप्ताहिक आहे. एका दारूगोळा डेपोतल्या साठवणुकीवर कॅगनं (भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी) ओढलेल्या ताशेऱ्यांची झेरॉक्स एका निवृत्त कर्मचाऱ्यानं आणून दिली. वर ‘मसुदा परिच्छेद’ आणि ‘गोपनीय’ असे शिक्के आहेत. अहवाल माहिती अधिकारात मागितला, तर देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन नकार आला. हातातली प्रत छापावी का?

उत्तर : आत्ता छापू नका. तुमच्याकडे आहे तो अहवाल नव्हे, अहवालाचा कच्चा खर्डा आहे. असा परिच्छेद खात्याच्या सचिवांकडे उत्तरासाठी जातो, साधारण सहा आठवड्यांच्या मुदतीनं. उत्तर आल्यावर आकडे बदलतात, काही परिच्छेद गळतातही. मग ‘कॅगचा ठपका’ हा तुमचा मथळाच खोटा ठरतो.

घटनेच्या अनुच्छेद १५१ प्रमाणे कॅगचा अहवाल राष्ट्रपतींकडे जातो आणि ते तो दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेववतात. किती दिवसांत, हे घटनेत लिहिलेलं नाही. पटलावर आला की तो सार्वजनिक. त्याआधी छापलात तर संसदेच्या विशेषाधिकारभंगाची नोटीस येऊ शकते. शिवाय शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ चं कलम ५ असा कागद जाणूनबुजून स्वीकारणाऱ्यालाही लागू होतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सरकारच्या अधिकृत तक्रारीशिवाय न्यायालय दखल घेत नाही (कलम १३), एवढाच दिलासा. राफेल विमान खरेदी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०१९ चा निकाल अशा वेळी हमखास पुढे केला जातो. त्यात वृत्तपत्रात आधीच छापून आलेले कागद न्यायालयानं विचारात घेतले, छापणाऱ्याला खटल्यापासून अभय दिलेलं नाही.

आता नकाराचं. मसुदा मागितला असेल तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(सी), म्हणजे संसदेचा विशेषाधिकार, हे कारण टिकेल. पण अहवाल पटलावर आलेला असेल तर ८(१)(ए) ची, म्हणजे देशाच्या सुरक्षेची, सबब तकलादू आहे. म्हणून आधी लोकसभा-राज्यसभेच्या संकेतस्थळांवर पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांच्या यादीत अहवाल क्रमांक आणि तारीख शोधा. संरक्षणाचे अहवाल काही वर्षांपासून कॅगच्या संकेतस्थळावर टाकले जात नाहीत, त्यामुळे तिथं दिसला नाही म्हणजे मांडलाच नाही असं धरू नका. आपल्या खासदारांच्या कार्यालयालाही प्रत मागता येते.

तारीख मिळाली की नकार हाती पडल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करा. त्यात ती तारीख लिहा आणि कलम १० खाली, वगळण्याजोगा भाग काढून उरलेला द्या, अशी पर्यायी मागणी घाला. झेरॉक्स मात्र अपिलाला जोडू नका. तो आपल्याच हातानं दिलेला कबुलीजबाब ठरतो. फाडू-जाळूही नका, ती प्रत घेऊन वकिलाकडे जा.

नागपूरकर इथं हमखास अडखळतात. राज्य सरकारच्या सवयीनं दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतात. केंद्राकडे ते चालत नाही, पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन भरणा लागतो, आणि अपिलाला तर फीच नाही. दुसरं अपील ९० दिवसांत दिल्लीतल्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं, राज्य आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे नाही. सिव्हिल लाइन्समधलं महालेखाकार कार्यालय राज्याचे हिशेब पाहतं, तिथं खेटे घालू नका.

अहवाल मांडला गेला की छापा. संसदेच्या कामकाजाच्या सत्य, द्वेषरहित वृत्तांताला अनुच्छेद ३६१ए चं संरक्षण आहे. परिच्छेद क्रमांक द्या, आणि त्याच परिच्छेदात मंत्रालयाचं उत्तर असेल तर तेही छापा. ते गाळलंत तर समोरचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवील.