कायम जोडलेला ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे

फाइली जपण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : लग्नाचे फोटो काढण्याचा व्यवसाय आहे. २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क कॉम्प्युटरला कायम लावलेली असायची, रोज रात्री आपोआप बॅकअप व्हायचा. एडिटिंगचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या फाइलींच्या नावाला चार अक्षरांचं शेपूट लागलं. एकही उघडत नाही. बॅकअपच्या डिस्कवरही तेच झालंय. (सांगली)

उत्तर : हे रॅन्समवेअर आहे, म्हणजे फाइलींना कुलूप लावून ते उघडण्यासाठी खंडणी मागणारं सॉफ्टवेअर. क्रॅकमधून घरोघरी शिरणाऱ्या प्रकारांत ‘स्टॉप’ या कुळातले सर्वांत जास्त आढळतात. कॉम्प्युटरला जो ड्राइव्ह अक्षरासह दिसतो, म्हणजे डी, ई, एफ, त्या प्रत्येकावर ते चालून जातं. तुमची बॅकअप डिस्क त्याच्या लेखी आणखी एक फोल्डर होती.

आधी आत्ताचं पाहू. लॉक झालेल्या फाइली पुसू नका, डिस्क काढून बाजूला ठेवा. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांसह २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर एक लॉक झालेली फाइल आणि खंडणीची चिठ्ठी टाकली की प्रकार ओळखता येतो आणि फुकट किल्ली उपलब्ध असेल तर मिळते. आज नसली तरी पुढे निघू शकते, म्हणून फाइली ठेवायच्या. ‘स्टॉप’ प्रत्येक फाइलच्या सुरुवातीचा साधारण १५० केबी भागच बिघडवतं. त्यामुळे मोठे व्हिडिओ काही वेळा दुरुस्त होतात, फोटोंच्या बाबतीत मात्र आशा कमी.

त्याहून मोठी आशा तुमच्या मेमरी कार्डांत आहे. कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं तरी बऱ्याचदा आतले फोटो पुसले जात नाहीत, फक्त यादी पुसली जाते. ती कार्डं आजपासून कॅमेऱ्यात घालू नका. दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवा आणि सापडलेले फोटो कार्डावर नाही, वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा. बाधित कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाका. मेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, कारण या क्रॅकसोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही अनेकदा येतो.

आता पुढची व्यवस्था. दोन ड्राइव्ह घ्या, शक्यतो वेगवेगळ्या वेळी. एकाच लॉटमधले एकत्र दगा देऊ शकतात. त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ अशी चिठ्ठी लावा. या शनिवारी ‘अ’, पुढच्या शनिवारी ‘ब’. दोन्ही एकाच वेळी कधीही जोडायचे नाहीत. आज कॉम्प्युटर बिघडला तरी एक ड्राइव्ह हमखास बाहेर असतो, हीच या पद्धतीची सगळी ताकद.

नवा ड्राइव्ह आल्यावर विंडोजमध्ये फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढा. मग विंडोज ड्राइव्हच्या प्रत्येक कप्प्यावर शून्यं लिहून पाहतं. २ टीबीला सहा-सात तास लागतात, रात्री लावून ठेवा. खराब माल असेल तर तो दुकानदाराकडे बदलून घेण्याच्या मुदतीतच उघडा पडतो. फॉरमॅटचा प्रकारही तिथेच विचारला जातो. सगळं काम विंडोजवरच असेल तर एनटीएफएस निवडा. मॅकवरही लिहायचं असेल तर एक्सफॅट, पण त्यात केबल मध्येच निसटली तर फाइलींची यादी बिघडण्याचा धोका जास्त. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा असतोच.

कॉपीसाठी ‘फ्रीफाइलसिंक’ चांगलं आहे, पण त्यात ‘मिरर’ आणि ‘अपडेट’ यांतला फरक नीट समजून घ्या. ‘मिरर’ मूळ जागी जे नाही ते बॅकअपवरूनही पुसतं. चुकून एक फोल्डर उडालं असेल तर शनिवारी बॅकअपमधूनही जातं. ‘अपडेट’ फक्त नवं आणि बदललेलं पुढे नेतं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘व्हर्जनिंग’ निवडून ड्राइव्हवरच ‘जुने’ नावाचं फोल्डर दाखवा, म्हणजे बदललेल्या फाइलची आधीची प्रत तिथे राहते.

दर शनिवारचा क्रम असा ठेवा. ड्राइव्ह जोडण्यापूर्वी दोन-तीन वर्षांपूर्वीचे चार-पाच फोटो उघडून पाहा. उघडले तरच ड्राइव्ह जोडा. ‘कंपेअर’ दाबा आणि आकडा वाचा. एक लग्न झालं असेल, ३,००० रॉ (कॅमेऱ्यातले मूळ, न दाबलेले) फोटो, एकेक साधारण २८ एमबी, म्हणजे ८४ जीबी, तर यादीत तीन हजारांच्या आसपास फाइली दिसायला हव्यात. तीस हजार दिसल्या तर थांबा, ड्राइव्ह लगेच काढा. काहीतरी सगळ्या फाइली बदलत आहे. आकडा जुळला तर कॉपी करा. निळ्या यूएसबी ३ पोर्टवर सेकंदाला १०० एमबी धरले तर पंधरा मिनिटांत होतं, जुन्या यूएसबी २ वर चाळीस. मग ‘सेफली रिमूव्ह’ करून केबल ड्राइव्हपासून सोडवा आणि ड्राइव्ह कपाटात ठेवा. नुसतं ‘सेफली रिमूव्ह’ करून केबल तशीच ठेवली तर कॉम्प्युटर पुन्हा सुरू होताच ड्राइव्ह परत जोडला जातो.

आणि तीन महिन्यांतून एकदा उलटं काम करा. दुसऱ्या कॉम्प्युटरला ड्राइव्ह लावून एक पूर्ण लग्न परत उतरवा, मधले-शेवटचे फोटो उघडा. कॉपी झाली असं स्क्रीनवर दिसणं वेगळं आणि फोटो उघडणं वेगळं.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. ड्राइव्ह कुठे ठेवायचा? २०२१ च्या पुरात दुकानातला कॉम्प्युटर गेला, तेव्हापासून धास्ती आहे. (चिपळूण)

उत्तर : झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, आत ५० ग्रॅम सिलिका जेलची पुडी. रंग बदलणारी घ्या. निळी गुलाबी झाली की ओलावा भरला, ती गरम करून पुन्हा वापरता येते. एसीच्या खोलीतून ड्राइव्ह बाहेर नेलात तर डबा बंदच ठेवून तासभर थांबा, नाहीतर थंड धातूवर दव साचतं.

पण डबा पुरासाठी नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तशा वेळी एकाच घरातल्या दोन प्रतींना अर्थ राहत नाही. ‘अ’ घरी असेल तर ‘ब’ दुसऱ्या नदीकाठी, खरं तर नदीपासून लांबच, असला पाहिजे. कराडला बहीण असो की पुण्यात मुलगा, गणपतीला आणि दिवाळीला येणंजाणं होतंच, तेव्हा अदलाबदल करा. शनिवारच्या पाळीसाठी मग घरी तिसरा ड्राइव्ह लागेल, तो खर्च करावा. बँकेचा लॉकर तळमजल्यावर असेल तर चौकशी करून मगच भरवसा ठेवा.

ड्राइव्ह पाण्यात गेलाच, तर तो उन्हात वाळवू नका आणि चालतो का हे पाहायलाही जोडू नका. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गढूळ पाणी आत जातं. वाळलं की गाळ तबकडीला चिकटतो आणि फिरवल्यावर तिला ओरखडतो. ओल्या फडक्यात गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि तसाच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

प्रश्न : हार्ड डिस्क घ्यावी, एसएसडी की मोठा पेनड्राइव्ह? ऑनलाइन अगदी स्वस्तात २ टीबीचा पेनड्राइव्ह दिसतो. (नाशिक)

उत्तर : कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी हार्ड डिस्क. एसएसडीमध्ये फिरती तबकडी नसते, माहिती चिपवर विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता तो भार हळूहळू ओसरतो. या धंद्यातल्या जेडेक मानकाची अपेक्षा अशी आहे की लेखनाचं ठरलेलं आयुष्य संपलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला वीजेविना एक वर्ष माहिती टिकवावी. नवी एसएसडी त्याहून बरीच जास्त टिकवते, पण आपला उन्हाळा ३० वर थांबत नाही.

तो स्वस्त पेनड्राइव्ह बहुधा खोटा आहे. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते, नाव २ टीबीचं. जागा संपली तरी तो लिहिल्याचं दाखवत राहतो आणि पुढच्या फाइली पोकळ निघतात. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या मोफत प्रोग्रॅमने पूर्ण भरून, परत वाचून तपासता येतं. याउलट, २ टीबीची खरी डिस्क विंडोजला १.८१ टीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १,०२४ ने.

प्रश्न : वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही दिवाळी अंक काढत होतो. पेजमेकर या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरच्या फाइली सीडींवर आहेत. नव्या ड्राइव्हवर कॉपी केल्या की झालं ना? (पुणे)

उत्तर : नाही झालं, आणि ही माहिती फार थोड्यांना असते. श्री-लिपीसारख्या त्या काळच्या फॉन्टमध्ये मजकूर देवनागरी म्हणून साठवलेलाच नसतो. फाइलमध्ये रोमन अक्षरांचे सांकेतिक क्रमांक असतात, त्यांना मराठी चेहरा देतो तो फॉन्ट. फॉन्ट हरवला की तुमची संपादकीयं म्हणजे नुसती रोमन अक्षरांची खिचडी. म्हणून जुन्या यंत्रातल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून त्या फॉन्टच्या फाइली अंकाच्या फाइलींसोबतच ठेवा. चित्रंही पेजमेकरमध्ये बऱ्याचदा बाहेरून जोडलेली असतात, त्यांचं वेगळं फोल्डर शोधा.

सीडी मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत पुसा, गोल नाही. छापील बाजूला जास्त जपा, कारण सीडीत माहितीचा थर त्या बाजूच्या पातळ लॅकरखालीच असतो. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसरा ड्राइव्ह वाचू शकतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी लावून पाहा.

जुनं यंत्र आणि सॉफ्टवेअरचं डोंगल (ज्याला लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही ती छोटी किल्ली) चालू आहे तोवर प्रत्येक अंकाची पीडीएफ करा, सगळे फॉन्ट ‘एम्बेड’ करून, म्हणजे पीडीएफच्या आतच घालून. हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. डोंगल गेलं की दार बंद होतं. मग मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट कोणताही असला तरी देवनागरीच राहणाऱ्या आजच्या संकेतात, आणा. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या फॉन्टमालिकांचे संकेतही वेगळे असतात, तेव्हा कन्व्हर्टरमध्ये नेमकी मालिका निवडा. नंतर ऱ्हस्व इकार आणि रफार डोळ्यांखालून घाला. जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये क्रम उलटा. ‘निर्मिती’, ‘सूर्य’, ‘दऱ्या’ हे तीन शब्द शोधून पाहा. ते बरोबर उतरले तर बाकीचं बहुतेक ठीक असतं.

प्रश्न : ड्राइव्ह दुसऱ्याच्या घरी ठेवायचा तर आधार, पॅन, बँकेची कागदपत्रं त्यात उघडी राहतील. आणि गूगल फोटोजमध्ये सगळं असताना ही खटपट हवीच का? (न्यू जर्सी)

उत्तर : गूगल फोटोज ही फोनची जुळी आहे. ॲपमध्ये फोटो पुसला की दोन्हीकडून जातो, कचरापेटीत ६० दिवस राहतो. आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं, भारतातल्या आईवडिलांच्या खात्याकडे लक्ष ठेवा. वर्षातून एकदा ‘टेकआउट’ या गूगलच्याच सोयीतून आपल्या फोटोंच्या ५० जीबीच्या झिप मागवा आणि लिंकची मुदत संपण्याआधी उतरवा. सोबत येणाऱ्या जेसन फाइली कचरा समजून पुसू नका, तारखा आणि मथळे त्यांत असतात.

ड्राइव्हला पासवर्डचं कुलूप लावण्यासाठी विंडोज प्रो असेल तर त्यातलंच बिटलॉकर, नाहीतर व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर. बिटलॉकरने बंद केलेला ड्राइव्ह विंडोज होमवरही पासवर्ड देऊन उघडतो. कुलूप लावताना बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास उघडण्याची किल्ली) देतं, ती कागदावर छापून घरच्या दस्तऐवजांच्या फाइलमध्ये ठेवा आणि दुसरी प्रत जोडीदाराकडे द्या. त्याच ड्राइव्हवर मात्र ती ठेवू नका.