माशा पाळायच्या तर आधी उन्हाळ्याचं बघ

पार्किन्सनच्या आजारावर काम करायचंय हे छानच, पण सोलापुरात ड्रॉसोफिला (पिकल्या फळांवर घोंघावणारी छोटी माशी) पाळायची तर आधी इनक्युबेटरची सोय लाव. या माशीला २५ अंश मानवतं. तिथे अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. ३० च्या आसपास नर वांझ होऊ लागतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० ओलांडतो. कूलरच्या भरवशावर राहू नकोस. प्रत्येक वाणाची एक बाटली १८ अंशांवर राखीव ठेव, तिथे वाढ निम्म्या वेगाने होते.

मंडईतल्या केळ्यांवरच्या माशा हात बसायला ठीक. रोगाच्या कामाला मात्र जनुकं माहीत असलेला वाणच हवा. माणसाच्या रोगांशी संबंधित सुमारे ७५ टक्के जनुकांची भावंडं माशीत सापडतात, पण पार्किन्सनशी जोडलेल्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचं जनुक तिच्यात नाहीच! म्हणून २००० साली त्याचं मानवी जनुकच तिच्यात घातलं गेलं. वय वाढलं तशा मेंदूतल्या डोपामिन (हालचालींना लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या, नळीच्या भिंतीवर चढणंही मंदावलं.

संकरासाठी माद्या कोषातून निघाल्यापासून आठ तासांच्या आत वेगळ्या काढ. पोटावर काळसर ठिपका दिसला की मादी नुकतीच निघालेली, समागम न झालेली, तेव्हा निर्धास्त. एकदा समागम झालेली मादी शुक्राणू साठवून ठेवते, मग तो संकर वाया गेलाच म्हणून समज.

चढण्याची चाचणी रोज त्याच वेळी घे, एका वयाच्या, एकाच लिंगाच्या माशांवर. कार्बन डायऑक्साइड देऊन बेशुद्ध केलेल्या माशांची चाचणी त्या दिवशी घेऊ नकोस, दुसऱ्या दिवशी घे.