प्लॉट गहाण ठेवून फोटोग्राफीची डिग्री?

कराडजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींचं पत्र आहे. ते लिहितात: 'मुलगी बारावी झाली. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड होती. पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात चार वर्षांच्या फोटोग्राफीच्या डिग्रीला प्रवेश मिळतोय. फी वर्षाला ३ लाख, हॉस्टेल-मेस १ लाख २० हजार, कॅमेरा-लेन्सचे २ लाख वेगळे. बँक साडेदहा टक्क्यांनी १२ लाख द्यायला तयार आहे, पण गावातला एनए प्लॉट तारण मागतेय. माझं वय ४८. नोकरी २००८ची, जुनी पेन्शन नाही. हातात पगार ६२ हजार, घराचा हप्ता साडेचौदा हजार, अजून आठ वर्षं. एफडी ५ लाख. धाकटा नववीत आहे. मुलीला लग्नाचे नाही, जाहिरातीचे फोटो काढायचेत. तिने सरकारी कला कॉलेजच्या प्रवेशाची सीईटीही दिलीय. काय करू?'

नमस्कार गुरुजी. आधी आकडे मांडू, मुलीच्या आवडीकडे मग येतो.

खर्चाची बेरीज १८ लाख ८० हजार होते, तीही फी वाढणार नाही असं धरून. फी दरवर्षी नुसती ८ टक्क्यांनी वाढली तरी १२ लाखांचे साडेतेरा होतात. माहितीपत्रकात पहिल्याच वर्षाची फी ठळक छापलेली असेल.

आता कर्ज. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, हे तुम्हाला बँकेने सांगितलंच असणार. व्याज मात्र थांबत नाही. दरवर्षी ३ लाख उचलले, तर पाच वर्षांत सरळव्याजानेच ४ लाख ४१ हजार चढतात. म्हणजे मुलगी फेडायला लागेल तेव्हा कर्ज १६ लाख ४१ हजारांचं झालेलं असेल आणि दहा वर्षांसाठी हप्ता बसेल २२ हजारांच्या आसपास. व्याज तुम्ही महिन्याच्या महिन्याला भरत गेलात, तर हप्ता १६ हजार २०० वर राहतो. पण मग चौथ्या-पाचव्या वर्षी महिन्याला १० हजार ५०० नुसतं व्याज जाणार. घराचा हप्ता वजा जाता ४७ हजार ५०० उरतात. त्यात घरखर्च आहे आणि धाकट्याची दहावी-बारावीही याच काळात येते.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते तुमचं वय. हप्ते सुरू होतील तेव्हा तुम्ही ५३चे असाल, संपतील तेव्हा ६३चे. निवृत्ती ५८ला. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून सही तुमची, आणि अर्धे हप्ते पगार थांबल्यानंतरचे. एनपीएस म्हणजे नव्या पेन्शन योजनेतून मुलांच्या उच्च शिक्षणासाठी स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते हे कुणीतरी सुचवेलच. त्याला हात लावू नका.

मुलगी कमावेल आणि फेडेल, हे खरं. पण कशी कमावेल ते बघा. साताऱ्याकडचा एक फोटोग्राफर माझा जुना क्लायंट आहे. त्याचं पासबुक घेऊन मी एकदा तासभर बसलो होतो. तुळशीचं लग्न झालं की जमेच्या बाजूला ओळी सुरू होतात, मे महिन्यापर्यंत रांग लागते, आषाढी झाली की पान कोरं. बारसं, गणपती, एखादं दुकानाचं उद्घाटन, बस्स. बँकेचा हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही. शिवाय तारखेची सुपारी मिळते, लग्नाच्या दिवशी दुसरा भाग मिळतो, तिसरा भाग अल्बम तयार होऊन पडला तरी येत नाही. (माझ्या भाचीच्या लग्नाचा अल्बम सहा महिने फोटोग्राफरकडेच होता. चूक आमच्याकडची होती.) जाहिरातीच्या कामात तारखांची अडचण नसते, पण तिथेही बिलाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात आणि पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखालीच जातात. अशा कमाईवर १६ किंवा २२ हजारांचा पक्का हप्ता टाकणं मला पटत नाही.

सवलतींचंही बघितलं. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेतली ३ टक्के व्याजसवलत आणि राज्याची मुलींसाठीची फीमाफी, दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा ८ लाखांची. हातात ६२ हजार येतात म्हणजे कपातीआधीचं उत्पन्न बहुधा त्यापुढे जातं. फॉर्म १६ काढून खात्री करा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकर वजावट जुन्या करप्रणालीतच आहे. तुम्ही नवीन घेतली असेल तर तीही नाही.

ठरावीक योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. मी ही रेघ घरच्यांसाठीही वापरतो: तारणाशिवाय मिळेल तेवढंच कर्ज, तेही शक्य तर निम्मं. तुमच्या बाबतीत साडेसात लाखांत हे कॉलेज बसतच नाही. उरलेले ११ लाख ३० हजार एफडी मोडून आणि पगारातून काढूनही जमणार नाहीत.

आता मुलीचं. तिला जाहिरातीचे फोटो काढायचेत, या एका वाक्याने माझं मत पक्कं झालं. सरकारी कला महाविद्यालयं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत; मुंबईचं जे. जे. २०२३मध्ये अभिमत विद्यापीठ झालं. तिथल्या उपयोजित कलेच्या चार वर्षांच्या पदवीत छायाचित्रणही शिकवतात, सोबत अक्षरं, मांडणी, जाहिरातीची आखणी. तेलाच्या बाटलीचा फोटो कुठे कापला जाणार, नाव कुठे येणार, हे ज्याला कळतं त्याला एजन्सीत लवकर काम मिळतं. डिग्रीवर 'फोटोग्राफी' हा शब्द आहे की नाही हे तिथे कुणी विचारत नाही, पोर्टफोलिओ उघडायला सांगतात. तिला फक्त फोटोग्राफीच हवी असेल, तर पुढे एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर कॅम्पसमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे; हैदराबादच्या सरकारी कला विद्यापीठात पदवीलाच तो विषय आहे. खासगी कॉलेजच्या स्टुडिओला, लाइट्सना आणि तिथे होणाऱ्या ओळखींना किंमत आहे, ते नाकारत नाही. पण १८ लाखांची नाही, निदान तुमच्या घराला नाही.

सरकारी जागा मिळाली तर फी खासगीच्या पासंगालाही पुरणार नाही. राहण्याजेवणाचं पगारातून होईल, कर्ज लागणारच नाही. कॅमेरा पहिल्या वर्षी नको, ते वर्ष बहुतेक चित्र आणि रेखाटनाचंच असतं. दुसऱ्या वर्षी एफडीतले लाखभर काढा. बॉडी वापरलेली चालेल, पैसे लेन्सवर घाला. बॉडीची किंमत दोन वर्षांत उतरते, चांगली लेन्स बरीच वर्षं किंमत धरते. मोठी लेन्स भाड्यानेही मिळते.

जागा नाही मिळाली तर एक वर्ष थांबायला हरकत नाही. कराडच्याच एखाद्या स्टुडिओत तिला लाइट धरू दे आणि पुढच्या सीईटीसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र यांचा सराव करू दे. अठराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे फार नाही.

खासगी कॉलेजने जागा राखायला आगाऊ रक्कम मागितली असेल, तर प्रवेश रद्द केल्यास किती आणि कधीपर्यंत परत मिळते ते भरण्याआधी लेखी घ्या. आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणाले, तर गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन-तीन मुलांचे फोन नंबर मागा. फोन मुलीलाच करू द्या. सीईटीचा निकाल लागला की कळवा, मग एफडीचं आणि धाकट्याचं एकत्र बघू.