एनसीव्ही नॉर्मल आला, तरी हात बधिर होतो. कोपराखाली नस दबली आहे हे ठरवायचं कसं?

ताई, तुम्ही लिहिलंय की पोळी-भाजी केंद्र चालवता, रोज दोन-अडीचशे पोळ्यांची कणीक स्वतः मळता. चार महिन्यांपासून उजव्या हाताला कोपराच्या खाली, आतल्या बाजूला ठणका लागतो. मळता मळता अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात. रात्री त्रास नाही. एक डॉक्टर म्हणाले मानेतून आहे, दुसरे म्हणाले मनगटात नस दबली आहे, आणि एनसीव्हीचा, म्हणजे नसेचा वेग मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट आला नॉर्मल. आता घरचे म्हणतात की तुम्ही उगाच मनाला लावून घेता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोळा वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी हाताच्या पेशंटबरोबर गेली. घरच्यांना माझ्या वतीने सांगा: रिपोर्ट नॉर्मल म्हणजे हात नॉर्मल, असं नसतं.

एनसीव्हीत नसेला एका ठिकाणी करंट देतात आणि तो दुसऱ्या ठिकाणी किती वेळात पोचला ते मोजतात. मनगटातली मीडियन नस हाडं आणि जाड पट्टा यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून जाते; दुखणं तिथलं असेल तर ती दिवसरात्र चेपलेली राहते, म्हणून तिचा मंदावलेला वेग बहुतेक वेळा रिपोर्टमध्ये दिसतो. कोपराखालची गोष्ट वेगळी. तिथे हीच मीडियन नस एका स्नायूच्या दोन तोंडांमधून खाली उतरते. त्या स्नायूचं नाव प्रोनेटर टेरेस, आणि त्याचं काम तळहात पालथा करणं. कणीक तिंबताना, कपडा पिळताना, स्क्रू फिरवताना तो आवळतो आणि नस दाबतो. तपासणीच्या टेबलावर तुम्ही हात सैल सोडून पडलेल्या असता, तेव्हा नसही मोकळी असते. मग रिपोर्टमध्ये येणार काय? या दुखण्यात, ज्याला प्रोनेटर सिंड्रोम म्हणतात, एनसीव्ही बऱ्याचदा नॉर्मलच येतो. त्यामुळे हे निदान मुख्यतः हात बघून, दाबून, पेशंटचं ऐकून करावं लागतं. कागदावरून होत नाही.

आता एक काम करा. मुंग्या आलेल्या असतानाच दुसऱ्या हातात बॉलपेन घ्या आणि जिथे जिथे बधिर वाटतंय तिथे उजव्या तळहातावर सरळ शाई फासा. आठवून नको, त्याच क्षणी. माझ्याकडे येणारा प्रत्येक पेशंट हे चित्र काढतो. मी सगळ्यात आधी बघते ती अंगठ्याच्या बुडाची मांसल गादी आणि तळहाताचा मध्य. या भागाला जाणीव देणारी फांदी मीडियन नसेपासून मनगटाच्या साधारण ५ सेंटीमीटर वरच फुटते आणि बोगद्यात न शिरता त्याच्या वरून जाते. म्हणून नस मनगटात दबली असेल तर बोटं बधिर होतात, पण गादी शाबूत राहते. गादीवरही शाई आली, तर दाब मनगटाच्या वर कुठेतरी आहे असा संशय घ्यायचा. अगदी पक्का पुरावा नव्हे, पण मला हे चित्र कित्येकदा रिपोर्टपेक्षा जास्त सांगून गेलंय.

करंगळी बधिर असेल तर ती वेगळी नस, अल्नर. तिथे कोपरामागची खोबण तपासायची. आणि फक्त अंगठ्याच्या मागची, हाताच्या पाठीवरची कातडी चरचरत असेल तर आधी मनगटावरचं घड्याळ किंवा घट्ट पाटल्या काढून ठेवायच्या. तिथली नस अगदी कातडीखालून जाते, दागिन्यानेसुद्धा दबते.

रात्री त्रास नाही, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला ते फार महत्त्वाचं वाटलं. मनगटातल्या दाबाचा पेशंट रात्री दोन-तीनला उठतो, हात झटकतो, तेव्हा कुठे त्याला बरं वाटतं. तुमचं दुखणं कामाबरोबर येतं आणि कामाबरोबर जातं. ते मला मनगटापेक्षा कोपराकडे बोट दाखवणारं वाटतं.

तपासताना मी काय करते, तेही सांगते, म्हणजे डॉक्टरांकडे काय व्हायला हवं ते तुम्हाला कळेल. पेशंटचा हात हस्तांदोलनासारखा धरते. त्याने तळहात पालथा करायचा जोर लावायचा, मी तो अडवून धरते, आणि त्याच वेळी हळूहळू त्याचं कोपर सरळ करत नेते. मग तळहात वर ठेवून कोपर वाकवायला सांगते आणि अडवते. शेवटी मधल्या बोटाचं मधलं पेर वाकवायला लावून अडवते. यातल्या कोणत्या हालचालीत नेमका तोच ठणका आणि त्याच मुंग्या येतात, त्यावरून नस कोणत्या पट्ट्याखाली अडकली असेल याचा अंदाज येतो. कोपराच्या घडीखाली चार बोटांवर, त्या स्नायूवर अर्धा मिनिट अंगठा दाबून ठेवते. ही जागा निरोगी माणसालाही थोडी दुखते, म्हणून डाव्या हातालाही तेवढाच दाब देऊन बघायचा. नुसतं दुखलं तर काही ठरत नाही, बोटांत मुंग्या उतरल्या तर ठरतं.

मानेची शंका घेणारे डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही. मान मागे करून दुखऱ्या बाजूला वळवल्यावर हातात कळ उतरते का, हाताचे रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखे आहेत का, हे बघायलाच हवं. मानेत आणि हातात दोन्हीकडे थोडा थोडा दाब, असंही असू शकतं; १९७३ मध्ये अप्टन आणि मॅककोमस या संशोधकांनी ही कल्पना मांडली, तिच्यावर अजून वाद चालतो.

नसेच्या सगळ्याच दुखण्यांत बधिरपणा येत नाही, हे मी एका शिंपीकाकांकडून शिकले. त्यांना सुई उचलता येईना. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. मी त्यांना अंगठा आणि तर्जनीचा गोल करायला सांगितला. गोल होईचना, दोन्ही बोटांची शेवटची पेरं सरळच राहिली, चिमटा चपटा झाला. कोणीतरी त्यांना अंगठ्याचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, तुटलाय म्हणून सांगितलं होतं. मी त्यांचं मनगट हळूच मागे वाकवलं, तसं अंगठ्याचं टोक आपोआप आत वळलं. म्हणजे कंडरा शाबूत होता, त्याला हुकूम देणारी नस गप्प होती. मीडियन नसेची ही आतली फांदी फक्त स्नायूंना हुकूम देते, कातडीला जाणीव देत नाही. किलोह आणि नेव्हिन या डॉक्टरांनी १९५२ मध्ये हे दुखणं वर्णन केलं. काकांना विचारल्यावर कळलं, त्याच्या तीन आठवडे आधी त्यांचा खांदा रात्रभर भयंकर दुखला होता. अशा वेळी ती नस दबलेली नसून सुजलेली असण्याची शक्यता जास्त असते. ऑपरेशनची घाई न करता सर्जननी वाट बघितली, आणि काही महिन्यांनी काकांच्या चिमटीत पुन्हा सुई आली.

माझी चूकही सांगते, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका रंगाऱ्यावर मी दोन महिने टेनिस एल्बोचे उपचार केले. रोलर फिरवणारा हात, कोपराच्या बाहेरून दुखणं, मला सगळं जुळलं असं वाटलं. मी दाबून बघितलं ते फक्त हाडावर. खरा दुखरा ठिपका हाडाच्या तीन बोटं खाली होता. एक दिवस त्याने नमस्कार केला आणि उजव्या हाताची बोटं वाकलेलीच राहिली, सरळ होईनात. मनगट वर उचलत होतं, पण अंगठ्याकडे तिरकं. सोनोग्राफीत रेडियल नसेच्या, म्हणजे बोटं सरळ करणाऱ्या नसेच्या, खोल फांदीवर बसलेली चरबीची गाठ दिसली. गाठ निघाली, बोटं सावकाश परत आली. पण ते दोन महिने त्याचे माझ्यामुळे गेले. तेव्हापासून टेनिस एल्बो म्हणून आलेल्या प्रत्येकाचं बोट उचलण्याचं बळ मी पहिल्या दिवशीच बघते.

म्हणून तुम्ही सोनोग्राफी मागा, आणि कोपराच्या वरपासून मनगटापर्यंत पूर्ण मीडियन नसेची मागा, नुसत्या मनगटाची नको. शुगर, थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्या. अंगावर कुठे न जाणवणारा फिकट चट्टा आहे का, कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागते का, हेही डॉक्टरांना बघायला सांगा. कुष्ठरोग आपल्याकडे अजून आहे आणि तो नसांपासूनच सुरू होऊ शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि तो पूर्ण बरा होतो, म्हणून विचारायला संकोच नको.

हे उत्तर आणखी कुणी वाचत असेल तर एक सांगायलाच हवं. हात मोडल्यावर प्लास्टर किंवा हाडवैद्याची पट्टी घट्ट बसली असेल, दुखणं गोळीने आटोक्यात येत नसेल, आणि कोणी बोटं सरळ केली की जीव जाईल अशी कळ येत असेल, तर सकाळची वाट बघू नका. पट्टी सैल करून त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. तिथे काही तासांत स्नायू आणि नसा कायमच्या जातात.

ताई, तुमच्यासाठी पुढचे सहा आठवडे कणीक मळायचं यंत्र किंवा दुसरे हात, हाच निदानाचा आणि उपचाराचा भाग आहे. लाटणं चालेल, मळणं आणि पिळणं बंद. त्याने मुंग्या कमी झाल्या तर माझा संशय बळावेल. कोपराखाली बांधायचा टेनिस एल्बोचा पट्टा कोणी दिला असेल तर तो काढा, तो नेमका तुमच्या नसेवरच आवळतो. आणि मनगटाचं ऑपरेशन लगेच करा असं कोणी म्हणालं, तर रात्रीचा त्रास नसताना आणि एनसीव्ही नॉर्मल असताना ते करण्याआधी हाताच्या सर्जनचं दुसरं मत घ्या.

पेनने काढलेल्या चित्राचा फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना तो आधी दाखवा. अंगठ्याच्या गादीवर शाई आली की नाही, तेवढं मला इथे कळवा.